हलीमचं मोडकं स्वीडिश आणि आमची जमात

स्वीडनचा नाटककार म्हटलं की मराठी वाचकाला एकच नाव आठवतं, ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग. 'मिस ज्युली' पाहिलं नसलं तरी नाव कानावरून गेलेलं असतं. या स्ट्रिंडबर्गच्या नावानं स्वीडनमध्ये दरवर्षी 'ऑगस्ट पुरस्कार' दिला जातो आणि तिथल्या लेखकांना तो फार मोलाचा वाटतो. २०१५ साली ललित साहित्यासाठीचा हा पुरस्कार ज्याला मिळाला, त्याचं नाव जोनास हसन खेमिरी. कादंबरीकार आणि नाटककार. आजचा लेख त्याच्याविषयी आहे.

आधी नावाविषयी. स्वीडिशमध्ये 'ज'चा उच्चार 'य' होतो, त्यामुळे तिथं त्याला 'यूनास' म्हणतात. यूनास म्हणजे बायबलमधला योना आणि आपले यूनुस अलैहिस्सलाम. एकाच नावात चर्चही आहे आणि मशीदही. पुढे 'हसन' आलं की कसली शंका उरत नाही. हा माणूस मला जवळचा वाटायला सुरुवात झाली ती या नावापासून. पुस्तकं नंतर हाती लागली, इंग्रजी भाषांतरांतून.

२७ डिसेंबर १९७८ रोजी स्टॉकहोममध्ये त्याचा जन्म झाला. आई स्वीडिश, वडील ट्युनिशियाचे. घरात स्वीडिश, अरबी आणि फ्रेंच अशा तीन भाषांचा वावर. पुढे त्यानं स्टॉकहोम विद्यापीठात साहित्याचा अभ्यास केला आणि स्टॉकहोम स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचाही. आपल्याकडे पोराला कवितेची आवड असते आणि घरचे म्हणतात, 'ते ठीक आहे, पण कॉमर्सला जा.' यानं दोन्ही केलं. २००३ साली, पंचविशीही पुरी व्हायच्या आत, त्याची पहिली कादंबरी आली आणि स्वीडनमध्ये एकदम गाजली. तिच्या नावाचा अर्थ 'एक डोळा लाल'.

या कादंबरीचा नायक हलीम हा मोरोक्कोच्या कुटुंबातला शाळकरी मुलगा. आई वारलेली. बाप-लेक स्टॉकहोमच्या बाहेरची, स्थलांतरितांची म्हणून ओळखली जाणारी स्कारहोल्मेन वस्ती सोडून शहराच्या मध्यभागी राहायला आलेले. बापाला वाटतं, पोरानं इथल्यांसारखं व्हावं, शिकावं, पुढे जावं. पोराला वाटतं, बाप विकला गेला. दलांदा नावाची एक म्हातारी त्याला अरबांच्या थोर इतिहासाच्या गोष्टी सांगते आणि एक लाल वही देते. त्या वहीत तो रोजनिशी लिहितो. स्वतःला 'विचारांचा सुलतान' म्हणवतो. तेवढ्यात शाळेतला अरबीचा तास बंद होणार असल्याचं कळतं, आणि ही सरकारची मोठी चाल आहे अशी त्याची खात्री पटते.

इथं थोडी माहिती द्यायला हवी. १९७७ साली स्वीडनमध्ये 'घरभाषे'विषयी एक सुधारणा झाली. बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या मुलांना त्यांच्या घरी बोलली जाणारी भाषा शाळेत शिकायचा हक्क मिळाला. सरकारनं पैसे द्यायचे, शिक्षक नेमायचे. आपल्या घरची भाषा येणाऱ्या मुलाला दुसरी भाषाही चांगली येते, हा त्यामागचा विचार. बी.एड.ला हे आम्हालाही शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलं आणि विसरून गेलो. नव्वदीच्या दशकात तिथं पैशांची ओढ लागली तेव्हा या तासांना कात्री लागायला लागली. हलीमचा राग असा हवेतला नाही.

पण कादंबरी गाजली ती तिच्या भाषेमुळे. हलीम मोडकं स्वीडिश लिहितो. स्वीडिशमध्ये एक पक्का नियम आहे: साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं. वाक्याची सुरुवात 'आज'नं केली तर लगेच क्रियापद आणि मग कर्ता. बाहेरून आलेल्या माणसाच्या तोंडी हा क्रम हमखास बिघडतो. तो 'आज' म्हणतो, मग कर्ता, मग क्रियापद. हलीमही तसंच लिहितो, पानोपानी.

गंमत अशी की हलीमला चांगलं स्वीडिश येतं. तो तिथंच वाढला आहे. तो मुद्दाम मोडतो. बापाची धडपड, शाळेचं कौतुक, 'आमच्यासारखा हो' हा आग्रह या सगळ्याला त्यानं दिलेलं उत्तर म्हणजे हे मोडणं. पण बऱ्याच समीक्षकांनी उलटंच वाचलं. स्थलांतरितांची खरीखुरी भाषा एकदाची साहित्यात आली म्हणून ते खूश झाले. लेखकानं बसून, घडवून, विचार करून तयार केलेली भाषा त्यांना वस्तीतून जशीच्या तशी उचलून आणलेली वाटली. खेमिरीनं पुढच्या कादंबरीत याची यथेच्छ थट्टा केली. तिथलं एक पात्र त्याचं अभिनंदन करतं: तुझं पुस्तक म्हणे एखाद्या वस्तीत मायक्रोफोन सोडल्यासारखं आहे!

हे वाचताना मी हसले, आणि मग मला एका दिवाळी अंकाचा फोन आठवला. नाव सांगत नाही. संपादक भला माणूस होता. त्यांना माझ्याकडून लेख हवा होता. विषय मी सुचवला, शाळेतलं व्याकरण. ते म्हणाले, 'ते नको हो मॅडम, मोहल्ल्यातलं काहीतरी द्या. तुमच्या भाषेचा अस्सल बाज येऊ द्या.' त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. थोडी दख्खनी, थोडी बिर्याणी, एखादी तलाक झालेली खाला. मी मराठी शिकवते, मराठीत विचार करते, 'बाज' हा शब्दही त्यांच्याइतकाच माझा आहे. पण माझ्याकडून त्यांना व्याकरण नको होतं, मायक्रोफोन हवा होता.

आपल्याकडे १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. 'मुस्लिम मराठी' या दोन शब्दांवर तेव्हापासून वाद आहे. काही म्हणतात, वेगळी चूल कशाला? काही म्हणतात, चूल वेगळी मांडली नाही तर आम्हाला जेवायला बोलावतो कोण? मला दोन्ही बाजू पटतात. खेमिरीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. त्यानं पाटी नाकारत बसण्यात वेळ घालवला नाही आणि ती छातीवर लावूनही फिरला नाही. ती पाटी लावतं कोण, कुठल्या भाषेत लावतं, यावरच त्यानं गोष्टी लिहिल्या.

दुसरी कादंबरी 'मोंतेकोरे' २००६ साली आली. हे नाव एका वाघाचं. लास वेगासमध्ये खेळ करणाऱ्या सीगफ्रीड आणि रॉय या जोडीतल्या रॉयवर २००३ साली भर कार्यक्रमात त्यांच्याच वाघानं हल्ला केला होता, तो हा वाघ. पाळलेल्या, शिकवलेल्या, सगळ्यांच्या कौतुकाच्या प्राण्याच्या आत काय चाललेलं असतं, हा प्रश्न त्या नावातच आहे. कादंबरीचा घाटही मजेशीर आहे. जोनास हसन खेमिरी नावाच्या लेखकाला ट्युनिशियाहून कादिर नावाच्या माणसाचे ईमेल येतात. कादिर म्हणतो, मी तुझ्या वडिलांचा जुना मित्र, आपण दोघं मिळून त्यांचं चरित्र लिहू. कादिरचं स्वीडिश फ्रेंचच्या वळणाचं, अलंकारांनी लदलेलं. आपल्याकडे उर्दूत शिकलेले जुने मुन्शीजी मराठीत अर्ज लिहायला बसले की जशी मराठी होते, तशी.

वडील अब्बास हे फोटोग्राफर. प्रेमापोटी स्वीडनला आलेले. त्यांना मनापासून वाटतं की मेहनत करावी, तक्रार करू नये, राजकारणात पडू नये, भाषा नीट बोलावी, म्हणजे हे लोक आपल्याला आपलं म्हणतील. शेवटी पाळीव कुत्र्यांचे फोटो काढून त्यांचा धंदा चालतो. मुलगा मोठा होतो आणि त्याला बापाची ही लाचारी सहन होत नाही. 'ब्लाते' हा तिथं काळ्या केसांच्या, सावळ्या माणसाला हिणवायचा शब्द. मुलगा आणि त्याचे दोस्त तो शब्द उचलून झेंड्यासारखा मिरवतात. बाप म्हणतो, हे शब्द घरात नकोत. दोघांचं बिनसत जातं.

याच काळात स्टॉकहोममध्ये प्रत्यक्ष काय घडत होतं तेही कादंबरीत येतं. ऑगस्ट १९९१ ते जानेवारी १९९२ या काही महिन्यांत स्टॉकहोम आणि उप्साला इथं एका माणसानं ११ जणांवर गोळ्या झाडल्या. सगळे परदेशी वंशाचे. जिम्मी रंजबार हा इराणी विद्यार्थी त्यात गेला. सुरुवातीच्या हल्ल्यांत बंदुकीला लेझर होतं. माणसाच्या अंगावर लाल ठिपका दिसायचा आणि मग गोळी. म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला 'लेझर मॅन' म्हटलं. पुढे तो पकडला गेला. त्याचं नाव जॉन आउसोनियस. आणि त्याच १९९१च्या निवडणुकीत, स्थलांतरितांच्या विरोधात बोलणारा 'नवी लोकशाही' नावाचा पक्ष स्वीडनच्या संसदेत पोहोचला. तेव्हा खेमिरी बारा-तेरा वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलाला आपल्या बापाच्या पाठीवर तो लाल ठिपका दिसत राहिला असेल, तर त्याच्या लिखाणातला राग कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

मला मात्र या कादंबरीत मुलापेक्षा बाप जास्त कळला. चाळिशी ओलांडल्याचा परिणाम असेल. माझे अब्बा एका सरकारी कचेरीत होते. साहेबासमोर ते इतकी शुद्ध मराठी बोलायचे की आम्हा भावंडांना हसू यायचं. 'सदरहू', 'उपरोक्त' वगैरे. घरी आल्यावर अम्मीला म्हणायचे, 'चा नक्को, पानी दे.' आता हा 'नक्को' कुठून आला? मराठीतून. दख्खनीनं मराठीचा 'नको' शेकडो वर्षांपूर्वी घरात घेतला आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. म्हणजे अब्बा घरी बोलायचे त्यातही मराठी होती, पण ती मराठी म्हणून कुणी मोजली नाही. मोजली गेली ती 'सदरहू'वाली. आणि 'सदर'सुद्धा अरबीतून आलेला!

खेमिरीच्या नाटकांकडे वळते, कारण माझ्या मते त्याची खरी धार नाटकात आहे. पहिलं नाटक 'इन्व्हेजन!', म्हणजे आक्रमण. २००६ साली स्टॉकहोमच्या सिटी थिएटरमध्ये आलं. पुढे न्यूयॉर्कमध्येही झालं आणि २०११ साली तिथला ओबी पुरस्कार त्याला मिळाला. सगळं नाटक एका नावाभोवती फिरतं: अबुलकासिम. एकोणिसाव्या शतकातल्या आल्मक्विस्ट या स्वीडिश लेखकाच्या नाटकात या नावाचा एक अरब दर्यावर्दी लुटारू आहे. शाळेच्या सहलीत ते जुनं नाटक बघायला आलेली टवाळ पोरं हा शब्द उचलतात. त्यांच्या तोंडी तो कधी शिवी होतो, कधी शाबासकी, कधी क्रियापद. एक तरुण बारमध्ये भेटलेल्या मुलीला खोटं नाव म्हणून तोच शब्द सांगतो. हळूहळू तो शब्द तज्ज्ञांच्या हाती लागतो, आणि टीव्हीवरच्या चर्चेत अबुलकासिम हा जगातला सर्वांत धोकादायक माणूस होऊन बसतो. त्याला पाहिलेला एकही जण नाही.

त्यातला एक प्रवेश मला फार लागला. सफरचंदं तोडायचं काम करणारा, कागदपत्रं नसलेला एक निर्वासित त्याच्या भाषेत आपली कहाणी सांगतो. शेजारी दुभाषी उभी. सुरुवातीला ती नीट भाषांतर करते. मग एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. मग आणखी. तो साधंच काही बोलत असतो आणि दुभाषीच्या तोंडून द्वेष बाहेर पडायला लागतो. प्रेक्षकाला कळतं, त्या माणसाला कळत नाही.

दोन भाषा शिकवणाऱ्या बाईला हे मोठं भय आहे. मोहल्ल्यातल्या किती बायकांसोबत मी दवाखान्यात, तलाठ्याकडे, बँकेत गेले असेन. डॉक्टर विचारतात, 'काय होतंय?' बाई म्हणते, 'कलेजेमें धकधक होती.' आता कलेजा म्हणजे यकृत, पण ती बोलते छातीबद्दल. मी 'छातीत धडधडतं' सांगते. त्या क्षणी ती बाई संपूर्ण माझ्या हातात असते. मी चूक केली नाही म्हणून तिचं भागतं. पण टीव्हीवर आणि फोनवर आमच्या शब्दांचं रोज जे भाषांतर चालतं, तिथं शेजारी उभं कोण आहे?

'जमात' हा शब्द घ्या. मराठीत जमात म्हणजे आदिवासी जमात, किंवा 'राजकारण्यांची जमात' असं थट्टेनं. आमच्याकडे जमात म्हणजे एकत्र नमाज. गावातल्या मुस्लिमांची पंचायत म्हणजेही जमात. आणि उर्दू शाळेत जमात म्हणजे इयत्ता. पाँचवीं जमात, छठी जमात. हजेरीपटावर रोज लिहिला जाणारा, खडूच्या धुळीचा शब्द. मार्च २०२०नंतर तोच शब्द अबुलकासिम झाला. कोरोना आणि तबलिगी जमात या बातम्या इतक्या एका दमात सांगितल्या गेल्या की शब्दालाच रोग झाला. पुढे ऑगस्ट २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशातून आलेल्या तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं निकालात नोंदवलं. निकाल स्वच्छ होता. पण शब्दावरचा डाग निकालानं जात नाही.

त्यानंतर शाळा सुरू झाल्यावरची गोष्ट. एसटीत मी एका पालकाशी फोनवर बोलत होते. म्हणाले, 'आपके बच्चेकी जमातमें चालीस बच्चे हैं, फिकर मत करो.' पुढच्या सीटवरचे दोघं वळून बघायला लागले. काही बोलले नाहीत. बघितलं फक्त. तेव्हापासून बसमध्ये, रेल्वेत मी 'क्लास' म्हणते. शाळेच्या फाटकाच्या आत आले की पुन्हा 'जमात'.

खेमिरीनं नेमकं हेच लिहिलं आहे, एका पत्रात. २०१३ साली स्वीडनमध्ये 'रेवा' नावाची मोहीम चालू होती. देशात राहायची परवानगी नसलेल्यांना शोधून परत पाठवायचं, हा हेतू. स्टॉकहोमच्या मेट्रोत पोलीस लोकांची ओळखपत्रं तपासायला लागले आणि कुणाची तपासायची हे चेहऱ्यावरून ठरवलं जातं अशी तक्रार झाली. न्यायमंत्री बेआत्रिस आस्क यांना रेडिओवर याबद्दल विचारलं. त्यांनी उत्तर देताना पूर्वी शिक्षा भोगलेल्या लोकांचं उदाहरण दिलं: त्यांनाही आपल्याकडे कायम संशयानं पाहिलं जातं असं वाटत राहतं. म्हणजे तुम्हाला तसं 'वाटतं'. आणि उदाहरण कुणाचं, तर गुन्हेगारांचं.

मार्च २०१३मध्ये 'दागेन्स नीहेतर' या मोठ्या दैनिकात खेमिरीचं आस्क यांना उघडं पत्र आलं. त्यात आरडाओरडा नाही. एक विनंती आहे: आपण चोवीस तासांसाठी कातडी आणि आठवणी बदलून घेऊ. मी तुमच्या शरीरात जातो, म्हणजे पुरुषांच्या राजकारणात बाई असणं काय असतं ते मला कळेल. तुम्ही माझ्या शरीरात या. मग तो एकेक आठवण त्यांच्या हाती ठेवतो. सहा वर्षांचा असताना विमानतळावर कस्टम्सच्या दिशेनं चालणारे वडील: तळहाताला घाम, केस सारखे करणं, घसा साफ करणं. पुढे दुकानात मागे मागे फिरणारा सुरक्षारक्षक, आणि त्यामुळे स्वतःच्या हालचाली जास्तच निरपराध करायचा प्रयत्न. पोलिसांच्या गाडीत विनाकारण बसवलं जाणं आणि मग सोडून दिलं जाणं. सत्ता ज्याला सतत परकाच धरून चालते, त्याला त्या समाजाचा भाग होता येत नाही, हे त्याचं म्हणणं. ते पत्र स्वीडनमध्ये अक्षरशः लाखो लोकांनी एकमेकांना पाठवलं, अनेक भाषांत गेलं, 'न्यूयॉर्क टाइम्स'नंही त्याचं एक रूप छापलं.

मी ते वाचलं तेव्हा मला त्यातलं दुकान सर्वांत खरं वाटलं. काही न करता काही केलं नाही असं दाखवत राहणं. दिवसभर काम करून जेवढा थकवा येत नाही तेवढा त्यानं येतो.

याच धाग्यातलं त्याचं दुसरं लिखाण 'मी माझ्या भावांना फोन करतो'. ११ डिसेंबर २०१० रोजी स्टॉकहोमच्या भर बाजारात एका तरुणानं स्वतःसकट बॉम्ब उडवला. मेला तो एकटाच. दोघं जखमी झाले. त्यानंतर काही दिवसांतच खेमिरीनं वर्तमानपत्रात एक मजकूर लिहिला. २०१२ साली त्याचं छोटं पुस्तक झालं आणि मग नाटक. आमोर नावाचा तरुण स्फोटानंतर एक दिवसभर शहरात फिरतो. खिशात काही नाही, मनात काही नाही. पण सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटतं, आणि हळूहळू त्याचा स्वतःवरचाच विश्वास ढळतो. स्फोटाची बातमी आली की आपल्या घरांमध्ये पहिली दुआ कुठली निघते, ते हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे: 'या अल्लाह, नाव आपल्यातलं नसू दे.' मेलेल्यांसाठीची दुआ दुसऱ्या नंबरावर जाते. ही लाज आमची नाही, पण ती आमच्या घरात राहायला आलेली आहे. खेमिरीनं ते मांडलं आणि मारणाऱ्याची बाजूही घेतली नाही.

एवढं कौतुक केल्यावर दोन गोष्टी खटकल्या त्याही सांगते. त्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांत बायका मागे मागे आहेत. हलीमची आई वारलेली, 'मोंतेकोरे'तली आई घर ओढणारी. सगळं भांडण बाप-लेकांचं. माझ्या अनुभवात घरातली भाषा टिकवते ती आई, आणि शाळेच्या मीटिंगला मान खाली घालून बसते तीही आईच. दुसरं म्हणजे, त्याची आई स्वीडिश आहे. त्याला त्या भाषेच्या आत जायला एक दार जन्मतःच उघडं होतं. ते दार नसलेल्यांची गोष्ट वेगळी असते.

पहिली उणीव त्यानंच पुढे भरून काढली. ऑगस्ट पुरस्कार मिळालेल्या कादंबरीत (नावाचा अर्थ 'मला आठवत नाही ते सगळं') सॅम्युएल नावाचा तरुण मोटार अपघातात गेलेला आहे आणि त्याला ओळखणारे त्याच्याविषयी आपापलं सांगताहेत. त्यातली लाईदे दुभाष्याचं काम करते; अडचणीतल्या, कागदपत्रं नसलेल्या बायकांना निवारा मिळावा म्हणून धडपडते. 'इन्व्हेजन!'मधल्या दुभाषीचं हे दुसरं रूप. २०२३ साली आलेली 'बहिणी' ही मोठी कादंबरी तर ईना, एव्हलिन आणि अनास्तासिया या तीन बहिणींचीच आहे. ती सात भागांत आहे आणि प्रत्येक भागातला काळ आधीपेक्षा लहान होत जातो: पहिल्यात एक वर्ष, शेवटच्यात एक मिनिट. ही कादंबरी त्यानं आधी इंग्रजीत लिहिली आणि मग स्वतःच स्वीडिशमध्ये. आता तो न्यूयॉर्कला असतो.

बापाचं भांडणही तसं मिटलेलं नाही, वयात आलं आहे. २०१८ची 'बापाचं कलम' मला त्याच्या सगळ्या पुस्तकांत जास्त आवडते. पात्रांना नावंच नाहीत. 'आजोबा असलेला बाप', 'बाप असलेला मुलगा' अशीच ओळख. आजोबा दुसऱ्या देशात राहतात, पण कागदपत्रं चालू राहावीत म्हणून वर्षातून दोनदा स्वीडनला येतात. त्यांची राहायची सोय, टपाल, बँकेची कामं मुलानं बघायची, हा जुना करार; तेच ते कलम. मुलगा दोन लहानग्यांना सांभाळायला रजा घेऊन घरी आहे. स्वीडनमध्ये मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची अंशतः पगारी रजा मिळते. ज्या बापानं सोडून दिलं त्याची सेवा करायची आणि आपल्या मुलांना सोडायचं नाही, या दोन्हींत तो पिळवटून निघतो. कादंबरीला २०२१ साली फ्रान्सचा प्री मेदिसी पुरस्कार मिळाला. त्यात मुसलमान असण्यावर भाषण नाही, वंशद्वेषावर नाही. चिडका म्हातारा आणि दमलेला मुलगा. ही गोष्ट लिहायचा हक्कही त्यानं मिळवला, हे मला महत्त्वाचं वाटतं. सोलापूरच्या किंवा मिरजेच्या एखाद्या सलीमलाही नुसती चिडक्या म्हाताऱ्याची गोष्ट लिहिता आली पाहिजे, आणि संपादकानं 'यात मोहल्ला कुठाय' असं विचारता कामा नये.

आता माझ्या धंद्याचं थोडं. उर्दूत दोनच लिंगं आहेत, मराठीत तीन. म्हणून माझी मुलं लिहितात, 'माझा घर मोठा आहे.' पहिली काही वर्षं मी लाल पेनानं फक्त 'माझं' करायचे. आता शेजारी विचारते, 'उर्दूत घर कसं? मोठा. मराठीत? मोठं.' मुलाला कळतं की ते मूर्ख नाही. त्याच्या डोक्यात आणखी एक व्याकरण जागं आहे. दुरुस्ती तर करायलाच हवी. हलीमला मोडायची ऐट परवडते कारण त्याला नीट लिहिता येतं. माझ्या मुलांना आधी नीट यायला हवं. मोडायचं की नाही ते त्यांनी मोठेपणी ठरवावं.

आणखी एक चूक हमखास होते. उर्दूत 'हम' एकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. समोरच्याला वगळलं की आम्ही, समोरच्याला धरलं की आपण. स्वीडिशमध्येही, इंग्रजीसारखा, एकच शब्द आहे. सहावीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'आम्ही सगळे भारतीय आहोत.' मी म्हटलं, बेटा, इथं 'आपण' बसेल. तिनं विचारलं, 'मॅडम, ये कौन पढनेवाला है?' मी म्हटलं, कुणीही, सगळेच. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनं खोडरबर घेतलं.

तिचा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात नाही, पण बरोबर होता. 'आपण' लिहायला समोर कोण आहे हे माहीत असावं लागतं, आणि त्यालाही ते मान्य असावं लागतं. खेमिरी वीस वर्षं याच एका सर्वनामावर काम करतो आहे. ज्यांना त्याला वाचायचं आहे त्यांनी आस्कबाईंना लिहिलेल्या पत्रापासून सुरुवात करावी. इंग्रजीत ते सहज सापडतं आणि पंधरा मिनिटांत वाचून होतं. नंतर 'इन्व्हेजन!', मग 'बापाचं कलम'. उर्दू शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनी तर जरूर वाचावं, आणि जमलं तर त्यातला दुभाषीचा प्रवेश आपल्या आठवीं जमातच्या मुलांकडून बसवून घ्यावा. एकानं दख्खनीत बोलायचं, दुसऱ्यानं मराठीत सांगायचं. कुठल्या शब्दापाशी वर्गातली मुलं हसायची थांबतात, ते बघण्यासारखं आहे.